तळपायाची खाज

परवा शुक्रवार पेठेत भाचीचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गाणी रंगात आलेली, आणि ही पोरगी झोपाळ्यावर बसून एका पायाचं जोडवं दुसऱ्या तळपायावर करकरा घासत होती. "मावशी, रात्रभर डोळा लागत नाही गं." शेजारची बाई हसली, "जावळ येतंय बाळाला!" माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या आठव्या महिन्यात हेच वाक्य मला गल्लीभर ऐकवलं गेलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. पोटाची कातडी ताणली की खाज सुटते, कधी पुरळ उठतं. खोबरेल, कॅलामाइन लावून बहुतेकींचं भागतं. माझ्या अंगावर मात्र एक पुळी नव्हती. खाज तळहात-तळपायांच्या आत, आणि दिवे मालवले की भडकायची. मी मोरीत उभी राहून पायांवर गार पाणी ओतायची, उंबरठ्याच्या कडेवर टाचा घासायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठायच्या. एक शब्द न बोलता पंचा भिजवून, पिळून माझ्या पायांना गुंडाळायच्या आणि बसून राहायच्या. सासूबद्दल बायका काहीही सांगोत, मला तो पंचा आठवतो.

एका डॉक्टरांनी "अंगावर काही दिसत नाही" म्हणून मलम लिहून दिलं. दिसत नाही म्हणजे नाही, हा न्याय बायकांच्या दुखण्याला फार लवकर लागतो. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी लघवीचा रंग विचारला आणि रक्त तपासलं. यकृतातलं पित्त नीट वाहत नव्हतं, पित्ताम्लं रक्तात साठत होती. ती लिटरला १०० मायक्रोमोलवर गेली की बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. माझी त्याखाली होती. कळा आणवून लेक सुखरूप झाली.

आजही कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयावरून जाताना मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात. याच दवाखान्याच्या, तेव्हाच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, स्त्री विभागावर १८८६ साली त्यांची नेमणूक झाली होती. अमेरिकेत प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, वय २१. कोल्हापूरच्या बायकांना त्या लाभल्याच नाहीत. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर इथे आल्या, म्हणून निदान कुणाला तरी सांगता आलं असेल: बाई, रात्री तळपाय खाजतात.

पोटुशी असाल, पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजत असतील, तर उद्याच डॉक्टरांकडे जा. लिव्हर फंक्शन आणि बाइल ॲसिडची तपासणी स्वतःहून मागा. बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र सकाळचीही वाट पाहू नका.