डफाच्या मागोमाग

डफाची नि माझी ओळख शिवाजी पार्कची. सहा डिसेंबरला बाबा आम्हाला चैत्यभूमीवर न्यायचे. पुस्तकांच्या, कॅसेटींच्या गर्दीतून चालताना कुठूनतरी थाप कानावर यायची आणि बाबा तिकडे वळायचे. शाहीर रद्दी पेटवून डफ शेकत असायचे. गारव्यानं सैल पडलेलं कातडं तापून ताणलं गेलं, बोटांखाली टणक बोललं, की मगच ते सूर लावायचे.

पुढे कॉलेजात पथनाट्य करू लागले. कारखान्याच्या फाटकावर, एसटी स्टँडवर डफ वाजला की घाईतली माणसंही थबकायची. प्रयोग संपला, की पाच मिनिटांत रस्ता पुन्हा वाहता व्हायचा. एवढं सगळं हवेत विरून जातं, याची हळहळ वाटायची.

त्या हळहळीला उत्तर मिळालं आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात. त्याची सुरुवात एका गोळीबारापासून होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसं गेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळं फडकं बांधलेलं होतं. १९८५च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात पटवर्धनांनी याच घोगरेंना गाताना टिपलं होतं. आता पटवर्धन कॅमेरा घेऊन पुन्हा वस्त्यांमध्ये निघाले, आणि चित्रपट पुरा व्हायला १४ वर्षं लागली. २०११मध्ये तो आला. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात गाणी तोंडी लावायला येत नाहीत, साक्ष द्यायला येतात. घोगरेंपासून निघालेली वाट पुण्याच्या कबीर कला मंचाच्या तरुण पोरापोरींपर्यंत पोचते, तेव्हा कळतं की गाणारा गेला तरी गाणं दुसऱ्याच्या गळ्यात उतरलेलं असतं.

तेव्हापासून मीही मुंबईत पायी हिंडते. द्रुतगती महामार्गाला लागून असलेलं रमाबाई नगर गाडीतून क्षणात मागे पडतं. पायी गेलं तर तिथल्या दारात कुणी बोलायला थांबतं, कुणाच्या तरी घरातून भीमगीत ऐकू येतं. रस्त्यावरच्या कलेचा माहितीपट असाच, पायी आणि वर्षानुवर्षं थांबून करावा लागतो. दोन दिवसांच्या शूटिंगमध्ये डफ दिसेल. तो कशासाठी वाजतोय ते कळणार नाही.

पटवर्धनांनी हा चित्रपट वस्त्यावस्त्यांत नेऊन दाखवला. तुम्हीही तो मोबाइलवर एकट्यानं पाहू नका. सोसायटीच्या आवारात, वाचनालयात, चाळीच्या चौकात पडदा लावा, शेजाऱ्यांना बोलवा आणि संपल्यावर बोलत बसा.