आठव्या वर्षी फुलणारी कारवी

कल्याणहून मुरबाड, टोकावडे मागे टाकून माळशेज घाट चढू लागले, की उतारावर माणसाहून उंच, काठ्याकाठ्यांची दाट झुडपे दिसतात. ही आपली कारवी. भीमाशंकर, हरिश्चंद्रगडापासून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत तिची वस्ती आहे. डोंगरातल्या घरांचे कुड तिच्याच काठ्यांचे. वरून शेणमातीने लिंपले की भिंत तयार!

कारवी ओळखावी कशी? पाने समोरासमोर, मोठी, कडेला दातेरी आणि हाताला खरखरीत. उन्हाळ्यात झुडूप वाळल्यासारखे दिसते, पावसाबरोबर पुन्हा पालवते. सात वर्षे ते नुसते वाढते. आठव्या वर्षी भाद्रपदाच्या सुमारास सारा उतार निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातो आणि मधमाश्यांची झुंबड उडते. प्रत्येक डोंगराचे साल वेगळे असू शकते. बोरिवलीच्या उद्यानात कारवी २०१६ साली फुलली, त्यानंतर २०२४ साली.

एकदा फुलले की झुडूप मरते. मागे उरतात ती बोंडे. एकेका बोंडात साधारण दोन बिया. उन्हाळाभर बोंडे वाळतात आणि पहिल्या पावसात भिजली की तडातड फुटून बी उडवतात. पुढची सारी कारवी या बियांवरच अवलंबून! म्हणून त्या एका उन्हाळ्यात वणवा लागला, किंवा बोंडांसकट काठ्या तोडून नेल्या, तर उतार उघडा पडतो आणि माती ओढ्याला लागते.

आपल्या बांधाला कारवी लावायची असेल, तर बी मालकीच्या रानातूनच घ्यावे. अभयारण्यातून काडीही आणू नये. चैत्र-वैशाखात वाळलेली बोंडे कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवावीत. ओल लागली तर ती पिशवीतच फुटतील. मृगाचा पाऊस पडला, की बोंडे टोपलीत घेऊन पाणी शिंपडावे व वर फडके झाकावे, म्हणजे बी उडून वाया जात नाही. निचऱ्याच्या उतारावर बी टाकून वर थोडीच माती लोटावी. कोवळी रोपे गुरांपासून आणि आगीपासून जपावीत.

आणि बंधूंनो, फुलोरा येऊन गेलेल्या कारवीच्या काठ्या हव्याच असतील, तर बी उडून गेल्यावर, नव्या रोपांवर पाय न देता तोडा. मग कुडाला काठी मिळेल आणि डोंगरालाही त्याचे बी मिळेल.