गेल्या वर्षीसारखं

तीन वर्षांच्या मुलाजवळ गेलं वर्ष नसतं. त्याच्याजवळ काल असतो, आणि त्या कालमध्ये सकाळच्या पोह्यांपासून गणपतीच्या विसर्जनापर्यंत सगळं मावतं. आमचा धाकटा स्वेटर घालून गॅलरीत उभा राहतो आणि सांगतो, "काल आपण बाप्पा बुडवला." थोरलीला सातवं लागलं आहे. तिच्याजवळ आता दोन-तीन गेली वर्षं जमली आहेत आणि त्यांच्यावर ती मालकी सांगते. "काल नाही रे, खूप आधी. तेव्हा तुला जिना उतरता येत नव्हता."

मी बालवाडीत शिकवते. म्हणजे दिवसभर या वयाची मुलं अवतीभवती असतात आणि संध्याकाळी घरी आलं की पुन्हा तीच. वार, महिने, अंक ही मुलं चालीवर धडाधड म्हणतात. वर्ष मात्र पाठ करून येत नाही. एखादी गोष्ट घडते, मागे पडते, आणि बऱ्याच दिवसांनी तीच गोष्ट त्याच जागी पुन्हा घडू लागली की मूल थबकतं. हे आपण केलंय! त्या क्षणी वर्षाचं एक टोक दुसऱ्या टोकाला बांधलं जातं. पालकपणातलं जे काही कसब मला थोडंफार साधलं आहे, ते एवढंच: ती गाठ बसायला वाव ठेवणं.

त्यासाठी दिवाळीच्या किल्ल्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कडेला वापरात नसलेली पाण्याची टाकी आहे. तिच्या भिंतीला टेकून किल्ला होतो, दरवर्षी तिथेच. आत विटा आणि दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेली लाल माती. मावळे आणि सिंहासनावरचे महाराज कसब्यातल्या कुंभारवाड्यातून येतात. एकदोन मावळ्यांचे हात दरवर्षी मोडतात आणि ते जखमी म्हणून पायथ्याशी झोपवले जातात. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मुलांनी यंदा जिंजी करायचा असा घाट घातला होता. धाकट्याने सिंधुदुर्गासाठी हट्ट धरला. कारण उघड होतं, त्यात पाणी असतं. शेवटी नेहमीचाच, कुठलाही नसलेला किल्ला झाला आणि त्याच्यासमोर एक परात भरून ठेवली.

बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. वेळ नसतो, माती मिळत नाही, हे मला कळतं. तरीही तो किल्ला मला पटत नाही. दिवाळी झाली की तो माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी जसाच्या तसा खाली येतो, त्यात मुलांनी आठवायचं काय? मातीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत पार ढासळतो. पुन्हा रचायचा तर बुरूज कुठे होता, भुयार कुठून निघत होतं, यावर भांडावं लागतं. या भांडणातच गेलं वर्ष परत येतं.

आणि अळीव. ते किल्ल्यावर पेरण्याआधी वाटीत भिजवायचं. पाणी लागलं की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण धरतं, म्हणून ते उतारावरूनही घरंगळत नाही, मातीला चिकटून राहतं. मोहरीला तसं जमत नाही, पाणी शिंपडलं की ती निम्मी पायथ्याशी जमा होते. अळिवाला दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरलं तर लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ला हिरवा होतो. २०२३ च्या दिवाळीत थोरली चार वर्षांची होती. किल्ल्याचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं. मी ओट्यावर वाटीत अळीव भिजवून ठेवलं होतं, तिने येता येता त्यात बोट घातलं आणि म्हणाली, "हे आपलं किल्ल्याचं आहे." आधीच्या वर्षीचा किल्ला तिला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. फोटो दाखवले असते तर तिने मान डोलावली असती, पण ती ओळख बोटाची होती, आणि बोटाने ती कोणाला न विचारता दिली. धाकट्याने गेल्या दिवाळीत त्याच वाटीत बोट घातलं आणि "शेंबूड" असं जाहीर केलं. त्याचं वर्ष अजून बांधलं गेलेलं नाही. या खेपेला बघू.

म्हणून मी "आठवतं का?" असं विचारत नाही. हा परीक्षेतला प्रश्न आहे, आणि लहान मुलं त्याला सरसकट "हो" म्हणतात. त्यापेक्षा वाक्य अर्धं टाकून गप्प बसावं. "गेल्या वर्षी त्या भुयारात आपण..." आणि हात मातीत चालू ठेवावेत. मूल वाक्य पुरं करतं, पुष्कळदा चुकीचं पुरं करतं. थोरलीच्या मते आमच्या किल्ल्यावर एकदा हत्ती होता. कधीच नव्हता. मी तो काढायला सांगत नाही. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी घरातली माणसं कशी बोलतात, यावर त्यांच्या आठवणी किती आणि कशा टिकतात हे बरंचसं ठरतं, असं मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासून दाखवलं आहे. मोठ्या माणसांना त्यांची पहिली आठवण विचारली तर ती बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. धाकट्याच्या आताच्या वयापर्यंतचं फारसं काही उरणार नाही, हे धरूनच चालायचं. हत्ती उरला तर तोही चालेल.

फोन हल्ली आपण होऊन तीन वर्षांपूर्वीचे फोटो समोर आणतो. मुलं ते आवडीने बघतात, पण त्यांना मग फोटोच आठवतो. फोटोत बोट ओलं होत नाही.

दिवाळी तशी पक्की नसते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. पहाटे उटणं लावताना कुडकुडायचं असतं, हे थोरलीने आधीच्या दिवाळीतून पक्कं केलेलं. गेल्या दिवाळीत पाऊस अजून पुरता गेला नव्हता, हवा दमट, आणि ती पाटावर बसून म्हणाली, "ही खरी दिवाळी नाही." मी तिला अधिक महिना समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी सरकून ८ नोव्हेंबरला येते. तेव्हा तिला तिची खरी दिवाळी मिळेल.

संक्रांत तेवढी जागा सोडत नाही, चौदा किंवा पंधरा जानेवारी. धाकट्याचं बोरन्हाण झालं. हलव्याचे दागिने त्याने अंगावर चढताच चाटायला घेतले. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे डोक्यावरून ओतले की दोन मिनिटांत सगळं संपतं. पाच वर्षांच्या पुढे करत नाहीत, त्यामुळे थोरली आता वेचणाऱ्यांत. "माझ्या वेळी चॉकलेटं होती," असं ती पाहुण्यांना ऐकवत होती.

प्रशिक्षणाच्या काळात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम वाचायला होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. परदेशी लाकडी साधनं तिथे परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. बिया, शंख-शिंपले, पानं, माती हीच साधनं झाली. तेव्हा मला त्यातली काटकसर दिसली होती. स्वतःची मुलं झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसते: लाकडी ठोकळा बारा महिने कपाटात असतो, चिंचोके मात्र चिंचा पिकल्याशिवाय मिळत नाहीत. अशा साधनांत वर्ष आपोआप येतं. आजकाल शहरात 'निसर्ग अनुभव' म्हणून पैसे भरून शिबिरं निघतात. एका शनिवारी काजवे, दुसऱ्या शनिवारी हुरडा. वाईट काही नाही, पण दरवर्षी नव्या ठिकाणी नेलं तर मुलाला पुन्हा भेटल्यासारखं काहीच होत नाही. एकच टेकडी, एकच झाड बरं.

उन्हाळा सासूबाईंकडे, वाईला, त्यांच्या गच्चीवर. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात. रोज पाणी बदललं तरी आंबूस वास घरभर फिरतोच. मग वाटायचे, गाळायचे, सत्त्व खाली बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून पहाटे चीक शिजवायचा. सोऱ्यात जाण्याआधी पहिला चीक मुलांच्या वाटीत, साखर आणि दूध घालून. सासूबाई स्वतः तेल-मीठ घालून खातात आणि मुलांना बिघडवल्याबद्दल आम्हाला बोलतात. थोरली झोपेतून उठून जिन्यातच विचारते, "आजी, आज चीक?" तिला कोणी सांगितलेलं नसतं. बोटासारखं नाकही वर्षं राखून ठेवतं.

मेच्या तेरा-चौदा तारखेला पुण्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमारास उभ्या बाटलीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस हे पुन्हा होतं, पण तेव्हा वर ढग असतात. धाकटा स्वतःची सावली शोधायला एक पाय उचलून बघत होता. तेवढंच. पाय भाजतात, जास्त थांबता येत नाही.

आणि मग २०२५ चा मे. मृग लागायला जवळजवळ पंधरवडा होता आणि २६ मेला मान्सून मुंबई-पुण्यात पोचला. गच्चीवरच्या कुरडया खाली, पंख्याखाली. पलंगाखाली आंब्याची आढी अजून अर्धी होती. थोरलीचा पाऊस वह्यांना कव्हरं घालण्याशी, नव्या दप्तराच्या वासाशी बांधलेला, त्यातलं काहीच आलेलं नव्हतं आणि पाऊस कोसळत होता. रेनकोट काढला तर बाह्या कोपरापर्यंत. ती रागावली, मुख्यतः माझ्यावर. मी वेळापत्रक मोडलं असावं असा तिचा समज. मला मात्र आतून बरं वाटलं. पाऊस वेळेआधी आला हे कळायला मनात पावसाची वेळ असावी लागते, आणि ती तिची तिने ठरवली होती.

पुण्याला परतल्यावर पावसाने उघडीप दिली तशी आम्ही टेकडीवर गेलो. वाटेवर मृगाचे किडे निघालेले, मखमलीसारखे लालभडक. ते मातीतच राहतात, पहिल्या पावसाने वर येतात, आणि खरं तर कीटकही नाहीत, कोळ्याच्या जातकुळीतले. आठ पाय. पाय थोरलीने आदल्या वर्षी मोजले होते आणि आकडा तिच्या लक्षात होता. धाकटा उकिडवा बसला.

"हे कुठून आले?"

"हे ना, जमिनीत..." मी सुरुवात केली.

"तू नको सांगू, आई. मला माहितीये," थोरली म्हणाली. "ते ढगात असतात. पाऊस पडला की पडतात. यावर्षी ढग लवकर आले, म्हणून हेपण लवकर."

त्याने मान वर करून ढगांकडे बघितलं.

"गाड्यापण पडतात?"

तिने खरोखर विचार केला. "नाही. गाड्या आजोबा आणतात."