आवाज न करणारा कॉम्प्युटर आणि माझा कान

रात्री दवाखाना बंद करून घरी आलो की नऊ ते दहा हा माझा फोनवरचा तास. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या बाजूच्या पेशंटना नुसती शुगर सांगायला गोंदियापर्यंत बोलावणं म्हणजे त्यांचा एक दिवस आणि एक मजुरी बुडवणं. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि तेव्हापासून हा तास सुरू झाला, तो लॉकडाऊन संपल्यावरही बंद झाला नाही. घरातल्या मागच्या खोलीत टेबल, जुना डेस्कटॉप, स्पीकरवर फोन, असा सगळा थाट.

एका डिसेंबरात एका आजींच्या मुलीने आईची उपाशीपोटीची शुगर सांगितली. मी "एकशे आठ" ऐकलं. म्हटलं, छान, गोळी तीच चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी तिने मशीनचा फोटो पाठवला, त्यावर स्पष्ट १६० होते. ती "एकशे साठ" म्हणाली होती. सुदैवाने एका दिवसात काही बिघडलं नाही. पण उलटं झालं असतं, म्हणजे शुगर कमी असताना मी जास्त ऐकून इन्सुलिन वाढवायला सांगितलं असतं तर? हा विचार दोन-तीन रात्री डोक्यातून गेला नाही.

दोष मी लगेच कॉम्प्युटरला दिला. आणि तो होताही तसाच. पायाशी ठेवलेला तो डबा सतत घों-घों करायचा, मध्येच जोर धरायचा. बाजूचं झाकण उघडलं तर आत धुळीची अक्षरशः गोधडी अंथरलेली. गोंदियात राहणाऱ्यांना सांगायला नको. धानाचा हंगाम आला की राइस मिलच्या तुसाची बारीक धूळ खिडकी बंद असली तरी आत येते. ती प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये बसली की उष्णता बाहेर पडत नाही आणि मग पंखा बिचारा जास्त वेगाने फिरतो. ब्लोअरने साफ केल्यावरच निम्मा आवाज गेला. तुमचाही कॉम्प्युटर गोंगाट करत असेल तर नवा घेण्याआधी एवढं करून पाहा. साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते वेडंवाकडं फिरवू नका.

उरलेल्या निम्म्या आवाजासाठी मात्र नवा कॉम्प्युटरच जुळवायचं ठरलं. भाचा नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, त्याला हाताशी घेतलं. सुटे भाग तिकडूनच घेतले, विदर्भ एक्सप्रेसमध्ये मांडीवर ठेवून आणले. घरी तो स्क्रू आवळत होता आणि मी प्रश्न विचारत होतो. त्यातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

कॉम्प्युटरमध्ये आवाज करणाऱ्या गोष्टी मुळात दोनच, पंखे आणि फिरणारी हार्डडिस्क. जुन्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तेवढ्याच वेगाने ती डब्याला आणि डबा टेबलाला थरथरवतो. म्हणून नव्यात फिरणारी डिस्क ठेवलीच नाही, नुसती एसएसडी, जिच्यात हलणारं काहीच नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, मला काही गेम खेळायचे नव्हते. ग्राफिक्स आतच असलेला ६५ वॉटचा प्रोसेसर घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याची भूक ४५ वॉटवर आणली. पेशंटच्या फायली आणि व्हिडिओ कॉलसाठी तो फरक कळतही नाही. पॉवर सप्लाय असा घेतला, ज्याचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही.

खरी गंमत पंख्यांची आहे. छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला फार जोरात फिरतो, मोठा पंखा सावकाश फिरून तेच काम करतो. आणि पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो, म्हणून १५ ही मोठीच घट झाली. ८० मिलीमीटरचे दोन पंखे काढून १२० चे दोन लावले, रबराच्या खुंट्यांवर, पुढे धुळीची जाळी.

पंखा अजिबात नसलेला कॉम्प्युटरही जुळवता येतो. भाच्याचा आग्रह तोच होता. मी नको म्हटलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीचं तापमान जेवढं चढतं, साधारण तेवढंच प्रोसेसरचंही चढतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत जो ५५ वर शांत बसतो, तो मे महिन्यात ४२ च्या खोलीत ७५ ला पोहोचणार. तेव्हा पंखे ठेवले, पण थंडीत प्रोसेसर गरम झाल्याशिवाय ते फिरणारच नाहीत असं लावून घेतलं.

जानेवारीतल्या त्या रात्री पहिल्यांदा बटण दाबलं. स्क्रीन लागला, पण आवाज शून्य. छताचा पंखा थंडीमुळे बंद. भाचा जेवायला गेला होता. मी खुर्चीत बसून त्या शांततेचं कौतुक करत होतो आणि मिनिटभराने जाणवलं की शांतता नाहीये. बारीक, उंच पट्टीतला सूंऽऽ असा आवाज येतोय. वाटलं पॉवर सप्लाय. कॉम्प्युटर बंद केला. आवाज तसाच. इन्व्हर्टर असेल म्हणून तोही बंद केला. घरातल्यांनी अंधारातून ओरडा केला, पण आवाज तसाच. मग दोन्ही कानांत बोटं घातली. तो वाढला.

पंधरा वर्षांत शेकडो पेशंटनी हे वाक्य मला सांगितलं असेल, "सायेब, कानात रातकिडा बसला हाये." आता तो माझ्या कानात होता. बहुधा बऱ्याच वर्षांपासून होता आणि जुना कॉम्प्युटर, छताचा पंखा, कूलर यांनी तो झाकून ठेवला होता.

याला कर्णनाद म्हणतात, इंग्रजीत टिनिटस. बाहेर आवाज नसताना आवाज ऐकू येणं. हा भास मानसिक नसतो. आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्यात, ऐकण्याच्या सूक्ष्म केसपेशी असतात, प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार. जोरदार आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या पेशींकडून मेंदूला येणारे संदेश थांबले की मेंदू रेडिओचं बटण पिळावं तशी स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. स्टेशन लागत नाही, खरखर मात्र मोठी होते. ही खरखर म्हणजेच तो रातकिडा, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

घाबरण्याआधी एक जुना प्रयोग आठवला. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितला. म्हणजे पुरेशी शांतता दिली तर जवळपास प्रत्येकाच्या कानात काहीतरी वाजतं. ही माझी समजूत मी दोन आठवडे घालत राहिलो. डॉक्टर स्वतःच्या बाबतीत किती आळशी असतात हे आमच्या घरी विचारा.

शेवटी नागपूरला जाऊन ऑडिओग्राम काढला. आलेख सगळीकडे बरा, फक्त ४००० हर्ट्झला दोन्ही कानांत खड्डा, डावीकडे ५० डेसिबलपर्यंत, आणि ८००० ला पुन्हा थोडा वर. ४००० चा हा खड्डा मोठ्या आवाजाने झालेल्या नुकसानाची ठळक खूण आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी विचारलं, "कारखान्यात काम केलंय का कधी?" केलं नव्हतं. पण माझं बालपण काकांच्या राइस मिलला लागून असलेल्या घरात गेलं आणि कॉलेजच्या प्रत्येक सुट्टीत मी मिलमध्ये हिशेब लिहायला बसायचो, हलरपासून दहा पावलांवर. तिथे हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. असं ओरडावं लागत असेल तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असा साधा अंदाज बांधता येतो, आणि तेवढ्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं काढली तर कान जातोच. भारतात कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे. कानासाठी तीही जास्तच.

आणि मग "एकशे साठ" चा उलगडा झाला. "स" हा अक्षरांमधला सर्वांत उंच पट्टीचा आवाज, त्याची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. साधा फोन कॉल ३४०० च्या वरचं कापूनच टाकतो. उरलासुरला "स" जुन्या कॉम्प्युटरच्या घों-घोंमध्ये बुडायचा आणि त्यातून जे काही पोहोचायचं ते माझ्या खड्ड्यात पडायचं. साठ चा "स" गेला की उरतं काय? आठच. म्हणजे यंत्र दोषी होतं, पण एकटं नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. कानात आवाज येत असेल तर एकदा कान तपासून घ्या, कधी कधी नुसता मळ निघतो आणि काम होतं. ऑडिओग्राम करून घ्या, तो दुखत नाही. घेत असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा. जास्त डोसमधली अ‍ॅस्पिरिन, काही प्रतिजैविकांची इंजेक्शनं आणि क्विनाइन यांनी कान वाजतात. आमच्या मलेरियाच्या पट्ट्यात जुन्या लोकांना क्विनाइनचा तो अनुभव चांगलाच आठवतो. आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल तर टाळू नका. आणि एका रात्रीत एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर ती इमर्जन्सी समजा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात, "मळ असेल" म्हणत आठवडा घालवू नका. कर्णनाद कायमचा घालवणारी गोळी आज नाही. जाहिरातीतले थेंब आणि गरम तेल कानात घालू नका. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने हा आवाजही बऱ्याच जणांचा कमी होतो. झोप आणि मनावर परिणाम होत असेल तर त्यासाठी समुपदेशनाची पद्धत आहे आणि तिचा खरंच फायदा होतो.

आणखी एक, पूर्ण शांतता कर्णनादाला मानवत नाही. शांततेत तो फुलतो. म्हणून मी सेटिंग पुन्हा उघडलं आणि मागचा एक पंखा कायम मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ठेवला. तो ऐकायला गेलं तरच ऐकू येतो, बोलण्याच्या आड येत नाही, आणि रातकिड्याच्या धारेला जरा बोथट करतो. भाचा म्हणाला, मामा, एवढा खटाटोप करून पुन्हा आवाज? मे मध्ये तर कूलर लागला आणि सगळाच प्रश्न मिटला. आमच्या कूलरसमोर कोणताही कॉम्प्युटर शांतच वाटतो. फोनच्या तासापुरता मात्र कूलर बंद ठेवतो, घाम पुसत.

आकडे आता मी सुटे सुटे विचारतो. एक, सहा, शून्य. आणि परत म्हणून दाखवतो. पेशंटना सुरुवातीला गंमत वाटली, आता तेच आधी सुटे सांगतात.

एक काम राहिलं होतं. राइस मिलमध्ये तीस वर्षं हलर चालवलेले एक काका दोन वर्षांपूर्वी कानातल्या रातकिड्याची तक्रार घेऊन आले होते. मी कानात नीट डोकावलोही नव्हतो. "वयाने होतं, लक्ष देऊ नका," म्हणून बीपीची गोळी लिहून दिली होती. त्यांना बोलावून घेतलं, तपासणीला पाठवलं. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. त्यांचा खड्डा माझ्यापेक्षा कितीतरी खोल निघाला. श्रवणयंत्र लागलं. रात्री उशाशी हळू आवाजात रेडिओ लावून झोपतात. मुलगाही त्याच मिलमध्ये आहे, त्याच्यासाठी कानात घालायचे प्लग मी दिले. तो ते घालतो की नाही हे मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "घालते सायेब, पन मोबाइल वाजला की काढते."

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तवा तुमी काई नाई म्हनलं. आता कसं आठोलं?"

"आता मलाही येतो," मी म्हणालो.

ते हसले आणि म्हणाले, "कोनता? बारीक का जाडा?"