कॅल्टन टेकडीवरील घर

एडिंबरो शहरांत, प्रिन्सेस रस्त्याच्या पूर्व टोकापलीकडे, कॅल्टन नांवाची एक टेकडी आहे. तिची चढण चढतांना ‘रॉक हाउस’ नांवाचें एक घर लागतें. प्रवासी बहुधा माथ्यावरील स्मारकांकडे घाईनें निघून जातात. आम्ही मात्र या घरापाशीं मुद्दाम थांबलों.

१८४३ सालच्या मे महिन्यांत याच शहरांत चारशेंहून अधिक धर्मोपदेशक स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडले. आपल्या मतासाठीं घरावर व वेतनावर पाणी सोडणारीं तीं माणसें पाहून डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा निसर्गचित्रकार भारावून गेला. त्या प्रसंगाचें भव्य तैलचित्र काढण्याचा त्यानें संकल्प केला. पण गांवोगांवीं परतणाऱ्या इतक्या जणांचे चेहरे टिपावे कसे? तेव्हां शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांनीं रॉबर्ट ॲडमसन या तरुण छायाचित्रकाराशीं त्याची गांठ घालून दिली.

ॲडमसनचें बिऱ्हाड याच घरांत होतें. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर छाया घेण्यास भरपूर ऊन लागे. म्हणून बैठक उघड्यावर होई, आणि बसणाऱ्यास बराच वेळ निश्चल राहावें लागे. हिल उजेड-सावली जुळवी. ॲडमसन यंत्र व रसायनें सांभाळी. टिपणापुरतें जवळ केलेल्या या साधनानें चित्रकाराला हळूहळू वेडच लावलें. कागदाच्या खडबडीतपणामुळें बारकावे पुसट होत. पण तोच त्याला या कलेचा प्राण वाटे. मग हे दोघे न्यूहेवन बंदरावरील कोळणींकडे वळले. मुंबईहून तेथें गेलेल्या धनजीभाई नौरोजींचीही छाया त्यांनीं घेतली. पांच वर्षांच्या आंत सुमारें ३,००० छायाचित्रें झालीं.

१८४८ च्या जानेवारींत ॲडमसन वारला, तेव्हां तो अवघा २६ वर्षांचा होता. तें बहराचें काम तेथेंच थांबलें. तैलचित्र मात्र २३ वर्षें चालून १८६६ मध्यें पुरें झालें. त्यांत चेहऱ्यांची दाटी आहे. पण एकाही चेहऱ्यापाशीं मन रेंगाळत नाहीं.

उलट, कोळणींचीं तीं तपकिरी चित्रें पाहतांना आमच्याच्यानें पुढें जाववेना. पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, शेजारीं मासळीच्या पाट्या, आणि डोळ्यांत दर्याची वाट पाहण्याची संवय! वाचकहो, हिलनें ज्याला आपलें जन्मकार्य मानिलें, त्यापेक्षां त्याची तयारीच अधिक टिकली. मदतीला बोलाविलेला पाहुणा कधीं कधीं असाच घरधनी होऊन बसतो.