आमच्या घरचा फेणे

ब्रूनो, टायगर, सिम्बा... ऑफिसात सगळ्यांनी नावं सुचवून झाली. पण दौलताबादला किल्ल्याखालच्या सीताफळांच्या टोपल्यांआडून घरी आलेलं आमचं पिल्लू हाडकुळं आणि भलतंच उचापती होतं. आल्या आल्या बाबांच्या चपलांचा तपास सुरू! मी नाव ठेवलं, फेणे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हो! फुरसुंगीचा बनेश, सायकलवर सुसाट सुटणारा, जिथे तिथे नाक खुपसणारा. मला तो भेटला २०१७च्या सिनेमात, अमेय वाघच्या रूपात. बाबांना लहानपणी, पुस्तकांत.

रिटायर झाल्यापासून बाबा गप्पच असायचे. पिल्लू बघून 'कुत्रं नको' एवढंच म्हणाले. नाव ऐकलं आणि हसले, "फेणे? मग 'ट्टॉक' करतो का?" आणि चक्क तोंडानं तसा आवाज काढला! पिल्लानं कान टवकारले.

आता रोज पहाटे दोघं तटाच्या कडेनं फिरायला जातात. कुणी नाव विचारलं, की बाबा थांबून फास्टर फेणेची अख्खी गोष्ट सांगतात. टायगरची काय सांगणार?

तेव्हा दोस्तांनो, नाव स्टायलिश नसलं तरी चालेल. घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला बोलतं करेल, असं शोधा.