अवधाण

आमच्या इंदूरच्या घरात ‘अवधाण’ हा शब्द आजीबरोबर आला आणि तिच्यानंतरही टिकला. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ यायची. आजी म्हणायची, “जखम भरली की अवधाण बसेल.” आणि ते बसायचेही. मानेत गाठींची माळ दिसली तर मात्र तिचा आवाज उतरे. ती गंडमाळ, म्हणजे क्षय.

या दोन शब्दांपलीकडे तिसरी शक्यता असते, हे माझ्या पुतण्याच्या आजारात कळले. विशीतला मुलगा, मानेच्या बुडाशी गाठ. दुखत नव्हती, म्हणून आम्ही निर्धास्त! वास्तविक संसर्गाने सुजलेली गाठ बहुधा दुखते आणि काही आठवड्यांत ओसरते. लिम्फोमाची गाठ बहुधा वेदनाहीन, रबरासारखी लागते. पण क्षयाची गाठही पुष्कळदा दुखत नाही. ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन ही तर दोन्ही आजारांची लक्षणे.

सुईने पेशी काढून तपासल्या. अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ आला. क्षयाचे जंतू दिसले नव्हते, तरी क्षयाची औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत गाठ वाढली. “औषध चालू असतानाही क्षयाची गाठ कधी कधी वाढते,” असे आम्हांला सांगण्यात आले. ते खोटे नव्हते, हीच खरी अडचण. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी अख्खी गाठच काढली. एक तुकडा जंतूंच्या तपासणीसाठी फॉर्मालिनमध्ये न घालता वेगळा ठेवला. निदान झाले ते हॉजकिन लिम्फोमाचे. ग्रॅन्युलोमा त्यातही आढळतात, आणि सुईतून येणाऱ्या चिमूटभर पेशींवरून गाठीची घडण कळत नाही, हे आम्हांला तेव्हा समजले.

या चकव्यात थोर मंडळीही सापडली होती, असे पुढे वाचनात आले. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये हा आजार वर्णिला. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातील विशाल पेशींचे बारकाईने वर्णन केले, पण आजार मानला तो क्षयाचाच एक प्रकार. तो क्षयाहून निराळा आहे, हे १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या डोरोथी रीड यांनी दाखवले. त्या पेशींना आज दोघांचेही नाव आहे; चुकलेल्याचेही. मला हे आवडते.

पुतण्या आता बरा आहे. मानेवर टाक्यांचा बारीक व्रण तेवढा उरला. मध्यंतरी त्याच्या मुलीचा घसा धरला आणि जबड्याखाली गाठ आली. पंधरा दिवस तो रोज सकाळी ती बोटाने चाचपत होता, कोणाशी काही न बोलता. अवधाण होते. बसले.